देश मोठा होतो तो कशाच्या बळावर? पाया घालणाऱ्यांच्या श्रद्धेच्या, की आणखी कशाच्या?

मांजराकाठ
मंडळी, राम राम. एक प्रश्न दिवाळीपासून डोक्यात घोळतोय, तो इथं मांडतो.

माझा भाचा बोस्टनजवळ राहतो. दिवाळीला आला होता. ओसरीवर बसून त्यानं तिकडच्या जुन्या वस्तीची हकिकत सांगितली. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून शंभरेक माणसं प्लिमथला उतरली. मग १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप मोठा जथा घेऊन आला. ही प्युरिटन मंडळी, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाची माणसं, फार कर्मठ. पण त्यांची एक श्रद्धा होती, की देवाचा शब्द ज्यानं त्यानं स्वतः वाचायचा, दुसऱ्यानं वाचून सांगितलेला चालत नाही. म्हणून अजून जंगलतोडच चालली होती त्या १६३६ सालात त्यांनी हार्वर्डची सुरुवात केली. आणि १६४७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा केला: ज्या गावात पन्नास घरं असतील त्या गावानं लिहिणं-वाचणं शिकवणारा एक मास्तर नेमायचा. शंभर घरं झाली की पुढची शाळा काढायची. नाही काढली तर पाच पौंड दंड. कायद्याच्या सुरुवातीलाच कारण दिलेलं आहे, की लोकांना धर्मग्रंथापासून दूर ठेवणं हा सैतानाचा जुना डाव आहे, तो मोडायचा.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. पन्नास घरांमागे एक मास्तर, हे ऐकून त्या रात्री मला झोप आली नाही.

माझं मत असं, की पाया घालणाऱ्यांची श्रद्धा लोक विसरले तरी मुरलेली राहते. जुन्या बारवेचा झरा जसा वर कोरडं दिसलं तरी आत चालू असतो, तसं. आज बोस्टनमध्ये कितीजण प्युरिटनांसारखे वागतात? पण शाळेचं वेड राहिलंच.

मग आपलं काय? आपेगावचे ज्ञानेश्वर, पैठणचे एकनाथ, नर्सीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका, जांबेचे समर्थ, अंबाजोगाईचे मुकुंदराज. एवढी मोठी शिदोरी दुसऱ्या कुठल्या मुलखाला मिळाली? ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे मेफ्लॉवरच्या तीनशे तीस वर्षं आधीची. ग्रंथ सगळ्यांना कळावा म्हणून तो बोलीत आणण्याचं काम आपल्याकडे आधी झालं. तरी आपला मराठवाडा मागास म्हणूनच का ओळखला जातो? झरा आटला, की आपण बारवेत उतरलोच नाही?

बोरसुरी
लई दिवसांनी बरा धागा आला, गुरुजी. वाचायलो.

काळीमाती
गुरुजी, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही.

अमेरिका मोठी झाली त्यात श्रद्धेचा वाटा किती आणि जमिनीचा किती, याचा हिशोब आधी करायला हवा. एवढा सुपीक खंड, मिसिसिपीसारखी नदी, दोन बाजूंना समुद्र. जी माणसं आधी तिथं राहत होती त्यांना हुसकून जमीन मिळवलेली. आणि १६१९ मध्ये, म्हणजे मेफ्लॉवरच्याही आधी एक वर्ष, व्हर्जिनियात गुलाम केलेली आफ्रिकी माणसं उतरवली गेली. पुढं १८६५ पर्यंत, घटनेतली तेरावी दुरुस्ती होईपर्यंत, त्यांच्या फुकटच्या घामावर दक्षिणेतला कापूस पिकला. त्या कापसाचा आपल्याशीही संबंध आहे. तिथलं यादवी युद्ध १८६१ मध्ये पेटलं, अमेरिकी कापूस इंग्लंडला पोचेना, तेव्हा शेजारच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव पडला. आमच्या पणजोबांनी सांगितलेली आठवण घरात अजून आहे, की त्या तेजीत घेतलेली बैलं मंदीत विकावी लागली. इथं श्रद्धा कुठं आली?

आणि मराठवाडा मागास का, तर पर्जन्यछायेचा प्रदेश, कोरडवाहू शेती, निजामाची सरंजामी. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, आपण १७ सप्टेंबर १९४८ ला. शिकायचं तर उर्दूत. संतांना कशाला मध्ये ओढायचं? संतांनी पाऊस पाडायचा का?

बोरसुरी
शेवटचं वाक्य आमच्या आजीनं ऐकलं असतं तर काळीमातीभाऊंना जेवायला वाढलं नसतं 🙂 बाकी मुद्दा बरोबर.

डेलावेरकाठ
मी मूळचा जिंतूरचा, सतरा वर्षं फिलाडेल्फियाजवळ आहे. काळीमातीभाऊंचं म्हणणं खोडून काढायचं नाही, पण त्यात भर घालतो.

अमेरिकेला एकच पाया नाही. प्युरिटनांच्या ज्या बोस्टनचं गुरुजी कौतुक करतात, त्याच बोस्टननं १६५९ ते १६६१ या काळात क्वेकर नावाच्या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची चार माणसं फासावर चढवली. त्यात मेरी डायर नावाची बाई होती, १ जून १६६० ला तिला फाशी दिली. गुन्हा एवढाच, की तिची श्रद्धा निराळी होती आणि हद्दपार केल्यावरही ती परत आली. सेलमची चेटकीण ठरवण्याची प्रकरणं १६९२ ची. म्हणजे शाळा काढणारे हात आणि फास आवळणारे हात एकाच समाजाचे.

आता क्वेकरांकडे बघा. त्यांची श्रद्धा, की प्रत्येक माणसाच्या आत देवाचा उजेड आहे. त्यामुळे ते कोणापुढं टोपी काढत नसत. राजापुढंही नाही. शपथ घेत नसत, कारण शपथेवर खरं बोलायचं तर एरवी खोटं बोलायचं का? दुकानात घासाघीस नाही, मालाला एकच किंमत. लहान मूल पाठवलं तरी तीच. लोकांचा विश्वास बसला आणि धंदा वाढला. इंग्लंडातल्या बार्कलेज आणि लॉइड्स या बँका, कॅडबरीचा चॉकलेटचा कारखाना, हे सगळं क्वेकर घराण्यांनी उभं केलेलं. विल्यम पेनला १६८१ मध्ये पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली, तेव्हा त्यानं निरनिराळ्या पंथांच्या लोकांना तिथं बोलावून घेतलं.

आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १६८८ मध्ये इथल्या जर्मनटाउनमध्ये चार माणसांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निवेदन दिलं. क्वेकरांच्या सभेनं ते बाजूला ठेवलं, कारण सभेतल्या बऱ्याचजणांकडे स्वतःचेच गुलाम होते! प्रत्येकाच्या आत देवाचा उजेड आहे म्हणणाऱ्यांकडे गुलाम. पुढं अठ्ठ्याऐंशी वर्षं आतल्या आत भांडण चाललं. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं नियम केला, की गुलाम ठेवणारा आमच्यात राहणार नाही. १७८० मध्ये पेनसिल्व्हेनियानं टप्प्याटप्प्यानं गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला.

म्हणून गुरुजी, नुसता झरा पुरत नाही. कोणीतरी त्याच झऱ्याचं नाव घेऊन घरच्यांशी भांडावं लागतं.

मांजराकाठ
डेलावेरकाठ, अठ्ठ्याऐंशी वर्षांचं हे मला ठाऊक नव्हतं. मेरी डायरचंही नाही. भाच्यानं यातलं काही सांगितलं नाही, बहुधा त्यालाही माहीत नसावं. वाचून मन खिन्न झालं, पण बरं झालं सांगितलंत.

नागसेनवन
गुरुजींनी दिलेली संतांची यादी मी दोनदा वाचली. चोखोबा त्यात नाहीत. मुद्दाम गाळले असं मी म्हणत नाही. पण दिसलं ते सांगायला हवं.

चोखोबांनी आयुष्यभर विठ्ठलाला बाहेरून हाक मारली. त्यांची समाधी महाद्वारासमोर, पायरीजवळ. ते गेले चौदाव्या शतकात. पंढरपूरच्या देवळाचं दार आमच्या माणसांना उघडलं १९४७ मध्ये, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केल्यावर. मधल्या सहाशे वर्षांत दरवर्षी वारी गेली. दरवर्षी समतेचे अभंग म्हटले गेले. माझे पूर्वजही त्या वारीत टाळ घेऊन चालले असतील, आणि दाराशी थांबले असतील. मग त्या मूल्याचं सहाशे वर्षं काय चाललं होतं? काळीमाती म्हणतात संतांनी पाऊस पाडायचा का. पाऊस नको होता. दार उघडायला ढग लागत नाहीत.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितलं, की लोकशाही भारताला परकी नाही, बौद्ध भिक्खू संघात सभेचे नियम होते: ठराव, मतदान, गणसंख्या, सगळं. म्हणजे त्यांनीही पाया धर्मातच शोधला. पण तिथं थांबले नाहीत. अस्पृश्यता नष्ट केली असं कलम १७ मध्ये लिहिलं आणि ती पाळणं गुन्हा ठरवला. आणि इकडे, निजामी राजवट जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच मिलिंद महाविद्यालय. आजूबाजूच्या परिसराला नागसेनवन नाव दिलं. राजा मिलिंद प्रश्न विचारतो, भिक्खू नागसेन उत्तरं देतो, आणि उत्तर पटलं तरच राजा मानतो. कॉलेजच्या नावातच प्रश्न विचारायची मुभा आहे. माझे वडील त्या वसतिगृहात राहिले. गावाहून निघताना आजीनं एका फडक्यात चार भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. घराण्यातला पहिला पदवीधर.

तुमच्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याइतकाच मोठा कायदा आमच्याकडे झाला. फक्त तो करणाऱ्याला शेवटी स्वतःचं घर, म्हणजे जन्माचा धर्म, सोडावा लागला.

बोरसुरी
🙏

टाळमृदंग
मी शिक्षिका आहे आणि दरवर्षी पायी वारीला जाते. नागसेनवन दादा, तुम्ही लिहिलंत ते वाचून मला लाज वाटली, ती लपवत नाही. वारकऱ्यांनी दार स्वतः होऊन उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

तरी एक सांगते. चोखोबांची वाणी आपल्यापर्यंत आली कशी? सोयराबाईंची कशी आली? जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी बाई. ज्या काळात मोठमोठ्या घरातल्या बायकांची नावंसुद्धा कुठं लिहिली गेली नाहीत, त्या काळातल्या एका मोलकरणीचे शब्द सातशे वर्षं टिकले. ते कोणी राजानं टिकवले नाहीत. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, पण जनाबाईंचे तीसेक अभंग तिला पाठ होते. जात्यावर बसली की एकामागून एक म्हणायची. सासूनं बोललेलं, दुष्काळात खडी फोडायला जावं लागलेलं, सगळं त्या दळणात जिरायचं. १९७२ ला मी तिच्या पोटात होते.

याला देशाचं यश म्हणायचं की नाही? रस्ते, कारखाने, उत्पन्न यांच्या मापात ते बसत नाही. पण १९७२ मध्ये एवढा भयानक दुष्काळ पडला, तरी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली नाहीत. रोजगार हमीच्या कामावर एका ओळीत बसून एकाच हौदातलं पाणी प्याली. सगळीकडे प्याली असं नाही म्हणत, आई होती त्या कामावर प्याली. त्या ओळीत वारीतली सवय काहीच नव्हती, असं मी मानणार नाही.

कल्याणवाट
उदगीरकडचा आहे. आमच्याकडची एक गोष्ट राहिली, म्हणून लिहायलो.

बसवकल्याण आमच्यापासून जवळ, कर्नाटकात बिदर जिल्ह्यात. बाराव्या शतकात महात्मा बसवण्णा तिथं बिज्जल राजाचे मंत्री होते. त्यांनी कायक सांगितलं. कायक म्हणजे अंगमेहनतीचं, सचोटीचं काम, आणि तीच पूजा. दुसरं दासोह, म्हणजे कमावलेल्यातलं समाजाला परत द्यायचं. अनुभव मंटपात चांभार, धोबी, नावाडी, दोरखंड वळणारे एकत्र बसून बोलायचे, बायकाही बोलायच्या. वेबर नावाचे जर्मन विद्वान १९०४-०५ च्या सुमारास म्हणाले, की काम हेच देवाचं बोलावणं असं प्रॉटेस्टंट ख्रिस्ती (प्युरिटन त्यातलेच) मानायचे म्हणून त्यांच्यात भांडवलशाही रुजली. आमच्याकडं हे साडेसातशे वर्षं आधी सांगून झालं होतं!

पण पुढं काय झालं? ब्राह्मणाघरची मुलगी आणि चांभाराघरचा मुलगा यांचं लग्न लागलं. दोघांच्याही बापांना राजानं हाल करून मारलं. कल्याणात रक्तपात झाला, शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, पांगले. बीडजवळ कपिलधारला मन्मथस्वामींनी पुढं तीच शिकवण मराठीत दिली. तिथली यात्रा मोठी भरते. आमचे आजोबा तिथून आले की आठ दिवस उधारीवर कुणाला जादा लावायचे नाहीत. नवव्या दिवसाचं मला सांगता येत नाही, पण ते आठ दिवस मी डोळ्यांनी बघितलेत.

काळीमाती
कल्याणवाट, वेबरचं नाव निघालं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वेबरवर आक्षेप जुने आहेत. व्हेनिस, फ्लोरेन्स, अँटवर्प ही कॅथलिक शहरं आधीच श्रीमंत होती, मग प्रॉटेस्टंटांचंच काय मोठं? पण २००९ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियाच्या, म्हणजे जुन्या जर्मन राज्याच्या, जिल्ह्यांचे आकडे तपासले. प्रॉटेस्टंट जिल्हे जास्त संपन्न होते हे खरं निघालं. पण तिथं वाचता येणारी माणसं जास्त होती, तो फरक बाजूला काढला की उरलेला फरक जवळपास नाहीसाच झाला. म्हणजे श्रद्धेनं थेट पैसा आणला नाही. प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या ल्यूथरनं बायबल वाचायला सांगितलं, म्हणून शाळा आल्या, मुलींच्याही आल्या, आणि वाचता येऊ लागल्यामुळे पैसा आला.

म्हणजे गुरुजी, मी पहिल्या प्रतिसादात संतांना मध्ये ओढू नका म्हणालो, ते थोडं मागं घेतो. श्रद्धेनं काही होत नाही असं नाही. पण तिचं शाळेत रूपांतर व्हावं लागतं. ज्ञानेश्वरांनी ग्रंथ बोलीत आणला, पण तो ऐकण्यासाठी. कीर्तन ऐकायला अक्षर लागत नाही. प्युरिटनाला पोथी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची सक्ती होती, आपल्याला कानानं पुण्य मिळत होतं. मला वाटतं फरक इथं पडला.

टाळमृदंग
काळीमाती, हे नवीन सांगितलंत. माझी आई. तीस अभंग पाठ, अक्षर एक नाही. तुमचं म्हणणं काळजात घुसलं.

पाणचक्की
आदाब. धागा चांगला चाललाय, माझंही थोडं.

आमचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, मलिक अंबरनं वसवलं, तेव्हा त्याचं नाव खडकी होतं, साल १६१०. हबशी माणूस, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी शहरात आणलं. त्याच धर्तीवर पुढं बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की झाली. डोंगरातलं पाणी उंचावरून पडायचं आणि त्यावर पीठ दळलं जायचं. ते पीठ फकिरांसाठी, वाटसरूंसाठी. आमच्याकडे याला सदका-ए-जारिया म्हणतात, म्हणजे माणूस गेला तरी चालू राहणारं पुण्य. विहीर खोदली, झाड लावलं, कोणाला इल्म दिला, तर जोवर कोणी त्याचा फायदा घेतो तोवर देणाऱ्याच्या खात्यात पुण्य जमा होतं.

गुरुजींनी बारवेच्या झऱ्याचा दाखला दिला म्हणून हे आठवलं. झरा अल्लाहचा असतो, पण नळ माणसानं बसवायचा असतो, आणि दरवर्षी साफ करायचा असतो. आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या नहरीचं झाकण माझ्या लहानपणी उघडायचं, आत पाणी वाहताना दिसायचं. आता त्यावर घरं झाली.

बोरसुरी
पाणचक्कीच्या पिठाची भाकरी खाल्लेलं कोणी आहे का इथं? जात्याचं पीठ आणि गिरणीचं पीठ यातला फरक सांगणारी आमची आजी गेली.

टाळमृदंग
जात्याचं पीठ थंड राहतं म्हणून भाकरीला पापुद्रा सुटतो, असं आई म्हणायची. विषयांतर झालं, माफ करा.

सचखंडवाट
नांदेडहून. विषयांतर कसलं, भाकरीवरच बोलतो.

आमच्या नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. नर्सीचा माणूस पंजाबात घुमानपर्यंत गेला. आणि १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी इकडं नांदेडला आले, इथंच देह ठेवला. ग्रंथालाच गुरू माना असं सांगून गेले. गोदावरीकाठची ही देवघेव मला फार मोठी वाटते.

मी शीख नाही, पण लहानपणी वडील वारले तेव्हा आई मला आणि बहिणीला घेऊन कितीतरी संध्याकाळी लंगरला गेली. कोणी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. पंगतीत आमच्या शेजारी मोटारीतून आलेले लोक बसलेले असायचे. समता शिकवायला तिथं कीर्तन लागलं नाही. बसायची पद्धतच अशी आहे, की सगळे जमिनीवर, एका रांगेत. सुटाबुटातला माणूस खरकटी ताटं घासताना मी बघितलाय. आज मी स्वतः महिन्यातून दोन दिवस तिथं भांडी घासायला जातो.

भगवीपताका
सगळं वाचलं. पण एवढी गुंतागुंत कशाला? या देशाचा पाया सनातन धर्माचा आहे. तो सोडला म्हणून आपण मागं पडलो, तो धरला की पुढं जाऊ. अमेरिकाही ख्रिस्ती पायावरच उभी आहे, तिथं नोटेवर देवाचं नाव असतं, आणि त्यांना त्याची लाज वाटत नाही.

डेलावेरकाठ
भगवीपताका, श्रद्धेची लाज वाटू नये हे मलाही मान्य आहे. पण अमेरिकेबद्दल थोडं सांगतो. देवावर आमचा भरवसा आहे, हे अधिकृत राष्ट्रीय ब्रीद १९५६ मध्ये झालं, रशियाशी शीतयुद्ध चालू असताना. राष्ट्र उभं राहत होतं तेव्हाचं वेगळं आहे. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत लिहिलं, की काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, कुठलाही धर्म सरकारी म्हणून स्थापणार नाही आणि कोणाला आपला धर्म पाळण्यापासून अडवणार नाही. उत्तर आफ्रिकेतल्या त्रिपोलीशी १७९६ मध्ये केलेल्या तहात तर सरळ म्हटलंय, की अमेरिकेचं सरकार कुठल्याही अर्थानं ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही. सिनेटनं तो तह १७९७ मध्ये मंजूर केला.

आणि हे धर्म नको म्हणणाऱ्यांनीच केलं असं समजू नका. रॉजर विल्यम्स हा मॅसॅच्युसेट्समधला पाद्री स्वतः कट्टर धार्मिक, पण सरकारनं श्रद्धेत हात घालू नये असं म्हणाला म्हणून प्युरिटनांनी त्याला हाकललं. त्यानं १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. त्याचं म्हणणं, की जबरदस्तीनं केलेली पूजा देवाला पोचतच नाही.

टाळमृदंग
आणि आपल्या वेरूळकडे बघा ना. एकाच डोंगरात ३४ लेणी मोजतात, १२ बौद्धांची, १७ हिंदूंची, ५ जैनांची. कैलास खोदायला घेतलं तेव्हा शेजारची बौद्ध लेणी कोणी बुजवली नाहीत. भगवीपताका दादा, मला पाया म्हणून तो डोंगर चालेल.

भगवीपताका
वेरूळचं मान्य, ताई. आमचं गाव तिथून वीस किलोमीटर. लहानपणी सगळ्या लेण्यांत खेळलोय, कुठलं कोणाचं ते तेव्हा ठाऊकही नव्हतं.

हिप्परगेकर
उशिरा आलो. काळीमातींनी श्रद्धेचं शाळेत रूपांतर व्हावं लागतं म्हटलं, त्यावर घरचंच उदाहरण देतो.

स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. भगवी वस्त्रं घातलेला माणूस. संन्यास घेऊन हिमालयात गेले नाहीत, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवत राहिले. ही शाळा १९२१ ची, निजामाच्या राज्यात, आमच्या आडवळणाच्या गावात. मग १९३५ मध्ये अंबाजोगाईला गेले, तिथंही शाळाच. पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं, तुरुंग भोगला, ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आजोबांना विचारलं, की स्वामीजींचं काय आठवतं, तर लढ्यातलं काही सांगायचे नाहीत. म्हणायचे, मुलं उठायच्या आधी ते उठलेले असायचे.

गुरुजी, तुमच्या कायद्यातली पन्नास घरं आमच्याकडं मोजलेली नव्हती. पण मास्तर होता.

मांजराकाठ
मंडळी, चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण गावात सप्ताहाची बैठक होती आणि तुमचा हा धागा मी छापून खिशात ठेवला होता.

आधी चूक कबूल करतो. नागसेनवन, चोखोबा माझ्या यादीतून सुटले. सवयीनं सुटले, आणि सवयीनं सुटणं जास्त वाईट. बारवेचा माझा दाखलाही अपुरा होता. आमच्या गावची बारव सगळ्यांची नव्हतीच. माझ्या लहानपणी खालच्या वस्तीतल्या बाया काठावर घागर ठेवून वाट बघत उभ्या राहायच्या, कोणी वरून पाणी ओतेपर्यंत. मी ते पाहिलंय. झऱ्याबद्दल लिहिताना ते मला आठवलं नाही, तुमचं दार वाचल्यावर आठवलं.

आता बैठकीचं. आमच्या गावात दोनशेच्या वर घरं. अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी होतो. सात दिवस कीर्तनं, शेवटी काल्याचं कीर्तन आणि गावजेवण, सगळ्या गावाला चूलबंद आवतन. घरटी पट्टी असते, शिवाय ज्वारी. दरवर्षी थोडी रक्कम उरते, ती पुढच्या वर्षीच्या मंडपाला जाते. मी उभा राहून म्हटलं, मंडप थोडा लहान करू. जेवणाला हात लावायचा नाही, कीर्तनकाराच्या बिदागीला हात लावायचा नाही. पण घरटी एक पायली ज्वारी जास्त घालू, आणि त्यातून गावातल्या बी.एस्सी. झालेल्या एका पोरीला वर्षभर मानधन देऊ. चौथी ते सातवीची जी पोरं वाचनात, गणितात मागं आहेत, त्यांना तिनं रोज संध्याकाळी दोन तास शिकवायचं.

दोघे-तिघे म्हणाले, सप्ताहाचा पैसा देवाचा, तो शिकवणीला कसा? मी खिशातला कागद काढला आणि १६४७ चा कायदा वाचून दाखवला. त्यानं फार फरक पडला नाही. मग टाळमृदंग ताईंच्या आईचं वाचलं. तीस अभंग पाठ, अक्षर एक नाही. आमचे विणेकरी ऐंशीच्या घरातले आहेत. ते म्हणाले, माझंही तसंच आहे, हरिपाठ सगळा तोंडपाठ, पण पोथी उघडली की काळं दिसतं. ते बोलल्यावर विषय मिटला. पायलीला सगळे तयार झाले.

नागसेनवन
गुरुजी, मनापासून आनंद झाला. एक प्रश्न विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. वर्ग कुठं भरणार, आणि किल्ली कोणाकडं? आमच्या गावातही वाचनालय झालं होतं, सभामंडपात. आम्हाला कोणी नको म्हटलं नव्हतं. पण किल्ली एका वाड्यात असायची आणि त्या वाड्याच्या पायऱ्या चढायची आमच्या पोरांची हिंमत व्हायची नाही.

मांजराकाठ
वाईट कशाचं. आधी सभामंडपच ठरला होता. तुमचा प्रश्न वाचला आणि काल परत चौघांना गाठलं. आता शाळेची मागची खोली ठरली, ती वरच्या आळीला आणि खालच्या वस्तीला सारखीच जवळ पडते. मुख्याध्यापकांनी होकार दिला. एक किल्ली शिकवणाऱ्या पोरीकडं, दुसरी खालच्या वस्तीतल्या अंगणवाडीताईंकडं.

सोमवारपासून, संध्याकाळी सहाला. पहिल्या दिवशी किती पोरं आली ते इथं लिहीन.

काळीमाती
गुरुजी, माझ्याकडं मुलांच्या जुन्या मासिकांचा एक गठ्ठा पडून आहे, आणि पहिली ते सातवीची गणिताची पुस्तकं. रविवारी केजला येतोय. कुठं द्यायचं ते सांगा.

बोरसुरी
आमच्याकडून दोन पायल्या धरा. गाव वेगळं असलं तरी ज्वारी तीच.